कूलरच्या टाकीसाठी एक छोटा बोर्ड : पीसीबी डिझाइनची सुरुवात कशी करावी

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग टोचून जोडायच्या पाटीवर) सर्किट एकदा नीट चालले की ते कायमचे कशावर बसवायचे, हा प्रश्न प्रत्येक नवख्याला पडतो. झीरो पीसीबीवर (नुसती छिद्रे असलेल्या तयार बोर्डवर) खालून तारा ओढून काम भागवता येते आणि एकच नग करायचा असेल तर तेवढे पुरतेही. मात्र तेच सर्किट दुसऱ्यांदा करायचे ठरले, किंवा खोक्यात घट्ट बसवायची वेळ आली, की स्वतःच्या आराखड्याचा छापील सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी, करून घेणे सोयीचे ठरते. हे काम वाटते तितके अवघड नाही. पुढील पायऱ्या एका छोट्या आणि नागपूरकरांच्या रोजच्या गरजेच्या उदाहरणावरून समजावून घेऊ.

उदाहरण कूलरचे आहे. एप्रिल ते जून या काळात नागपुरातल्या घराघरात कूलर चालतात, आणि पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की टाकीतले पाणी कधी संपते ते कळत नाही. मग वाळ्याच्या ताट्या कोरड्या पडतात आणि पाण्याविना चालणारा पंप जळतो. पाणी ठरावीक पातळीच्या खाली गेले की ‘टूं-टूं’ वाजणारा बोर्ड आपण करणार आहोत. तो ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर चालेल. पंप आपोआप बंद करण्यासाठी रिले (विजेने चालणारा स्विच) लावून २३० व्होल्ट बोर्डवर आणण्याचा मोह होईल, पण पहिल्या बोर्डवर घरातली वीज मुळीच आणू नये. शिवाय ज्या पाण्यात आपल्या दोन सळ्या बुडणार आहेत त्याच पाण्यात २३० व्होल्टचा पंपही बुडालेला असतो. त्यामुळे कूलरचे अर्थिंग नीट असल्याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्यावी, लाइनवर आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असावा, आणि टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढलेला असावा.

आधी सर्किट, मग सॉफ्टवेअर

सर्किट असे आहे. एनई ५५५ ही आठ पायांची आयसी साधारण सेकंदाला एकदा चालू-बंद होते. ५ व्होल्ट आणि सातवी पिन यांमध्ये १० किलो-ओहमचा रेझिस्टर, सातवी आणि सहावी पिन यांमध्ये ६८ किलो-ओहमचा, दुसरी व सहावी पिन एकमेकींना जोडलेल्या, आणि त्या जोडापासून ग्राउंडपर्यंत, म्हणजे विजेच्या उणे बाजूपर्यंत, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्यावर हा वेग ठरतो. पाचव्या पिनवर १० नॅनोफॅरडचा छोटा कपॅसिटर ग्राउंडला जातो. तिसऱ्या पिनवरून १ किलो-ओहममार्फत बीसी ५४७ ट्रान्झिस्टर चालतो आणि तो ५ व्होल्टचा बझर वाजवतो. चौथी पिन रीसेटची असते. तिला १० किलो-ओहमने ५ व्होल्टकडे ओढून ठेवायचे आणि दुसऱ्या बीसी ५४७ चा कलेक्टर तिथेच जोडायचा. या ट्रान्झिस्टरच्या बेसला १० किलो-ओहममार्फत एक सळी, दुसरी सळी १ किलो-ओहममार्फत ५ व्होल्टला, आणि बेसपासून ग्राउंडपर्यंत १०० किलो-ओहम. दोन्ही सळ्या पाण्यात असल्या की पाण्यातून किंचित प्रवाह जाऊन ट्रान्झिस्टर चालू राहतो, रीसेटची पिन खाली दबते आणि बझर गप्प बसतो. पाणी उतरले की ५५५ मोकळी होते.

हे सर्किट आधी ब्रेडबोर्डवर, खऱ्या कूलरच्या पाण्यासह, चालवून पाहावे. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे हंगामाच्या मध्यावर टाकीतल्या प्रत्येक वस्तूवर पांढरा थर बसतो. तो सळ्यांवरही बसतो आणि मग पाणी असूनही बझर वाजू लागतो. म्हणून सळ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात आणि त्या काढून घासता येतील अशा स्क्रू टर्मिनलला जोडाव्यात. बोर्डवर कोणते कनेक्टर लागतील, ते कोणत्या कडेला असावेत, हे असे प्रत्यक्ष वापरावरून ठरते, आणि ते ठरल्याशिवाय संगणकासमोर बसण्यात फारसा अर्थ नसतो.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे

नवख्यांचा सर्वाधिक वेळ या प्रश्नात जातो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो : ज्याच्याकडे स्वतःचा संगणक आहे त्याने कीकॅड घ्यावे आणि निदान दोन-तीन बोर्ड होईपर्यंत दुसरीकडे पाहू नये.

कीकॅड हे मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथे जाँ-पियेर शारास यांनी ते सुरू केले, आणि पुढे सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावल्यावर ते झपाट्याने सुधारले. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर ते चालते. बोर्डचा आकार किंवा ट्रॅकची (तांब्याच्या वाटांची) संख्या यांवर मर्यादा नसते, आणि फाइली आपल्याच संगणकावर राहतात. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. त्याचा दोष एवढाच, की पहिल्या दिवशी ते कोरडे वाटते. सिम्बॉल (आकृतीतली भागाची खूण) वेगळे, फूटप्रिंट (भागाचे पाय बसण्याची बोर्डवरची जागा) वेगळे, स्केमॅटिकचा (सर्किटच्या आकृतीचा) संपादक वेगळा आणि बोर्डचा वेगळा, हे अंगवळणी पडायला थोडा वेळ जातो.

इझीइडीए ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे कॉलेजच्या किंवा सायबर कॅफेच्या संगणकावरही काम करता येते. चीनमधील जेएलसीपीसीबी ही बोर्ड तयार करणारी कंपनी आणि एलसीएससी हे सुट्या भागांचे दुकान यांच्याशी ते जोडलेले आहे. म्हणून एखादा भाग शोधावा आणि त्याचे फूटप्रिंट तयार मिळावे, ही त्याची मोठी सोय. पण त्यातले बरेच फूटप्रिंट वापरकर्त्यांनी स्वतः केलेले असतात, त्यामुळे ते डोळे झाकून घेऊ नयेत. फ्रिट्झिंगचा जन्म जर्मनीतल्या पोट्सडाममधला. ब्रेडबोर्डचे सुबक चित्र काढण्यासाठी ते उत्तम आहे, शाळेच्या प्रकल्पवहीत लावायला तर फारच छान. बोर्ड करण्यासाठी मात्र ते लवकरच अपुरे पडते, आणि अधिकृत संकेतस्थळावरून उतरवताना पैसेही मोजावे लागतात.

जुन्या पुस्तकांत आणि जुन्या व्हिडिओंत ईगल हे नाव वारंवार येईल. एके काळी छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांचे ते आवडते साधन होते. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्ककडे गेले आणि ७ जून २०२६ पासून ते बंद करण्याची घोषणा कंपनीने २०२३ मध्येच केली. त्याची जागा ऑटोडेस्कच्याच फ्यूजनने घेतली आहे. फ्यूजनच्या मोफत वैयक्तिक परवान्यात स्केमॅटिकची दोन पाने, दोन थर आणि ८० चौरस सेंटिमीटर एवढी मर्यादा येते. ईगलमध्ये केलेला जुना प्रकल्प हाती आला तर तो कीकॅडमध्ये उघडता येतो, त्यामुळे आता नव्याने ईगल शिकण्याचे कारण उरलेले नाही. आल्टियम हे कंपन्यांसाठीचे महागडे साधन आहे. पुढे नोकरीत लागले तर तेव्हा शिकता येईल, कारण एका सॉफ्टवेअरवर बसलेला हात दुसऱ्यावर लवकर वळतो.

सुटे भाग आधी विकत घ्यावेत

सर्वसाधारण मार्गदर्शनांत आधी डिझाइन आणि शेवटी खरेदी असा क्रम दिलेला असतो. मी उलट सुचवतो. बर्डीवरच्या (नागपूरच्या सीताबर्डीतल्या) दुकानात आधी जावे, सगळे भाग घेऊन यावे आणि मगच फूटप्रिंट निवडावेत. कारण दुकानात ‘पाच व्होल्टचा बझर’ मागितला तर बझर मिळतो, पण त्याच्या दोन पायांमधले अंतर किती असेल ते दुकानदार सांगत नाही. १२ मिमी व्यासाचे बझर ७.६ मिमी अंतराचेही येतात आणि ६.५ मिमी अंतराचेही. संगणकावर ते दोन्ही सारखेच दिसतात. बोर्ड हातात आल्यावर मात्र एक बसतो आणि दुसऱ्याचे पाय वाकवावे लागतात.

म्हणून एक साधा डिजिटल व्हर्नियर जवळ ठेवावा आणि प्रत्येक भाग मोजावा. पाव वॅटच्या रेझिस्टरसाठी १०.१६ मिमी अंतराचे आडवे फूटप्रिंट आरामात चालते. १० मायक्रोफॅरडच्या छोट्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे पाय बहुधा २ मिमी अंतरावर असतात, तर स्क्रू टर्मिनल ५ किंवा ५.०८ मिमीचे असते. दोन पिनांच्या टर्मिनलला हा फरक जाणवत नाही, पण आठ पिनांची रांग घेतली तर शेवटची पिन अर्ध्या मिलिमीटरहून अधिक सरकलेली असते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर घेताना त्यावर १०५ अंश लिहिलेले पाहून घ्यावे. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि आपला बोर्ड नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत कूलरशेजारी, बंद खोक्यात राहणार आहे.

याच उन्हाळ्यामुळे या बोर्डवर ७८०५ रेग्युलेटर (जास्त व्होल्टेजवरून नेमके ५ व्होल्ट देणारा भाग) घेतलेला नाही. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून ५ व्होल्ट करताना ३०० मिलिअँपिअरला त्यात २.१ वॅट उष्णता निर्माण होते, आणि हीटसिंकशिवाय प्रत्येक वॅटमागे त्याचे आतले तापमान ५० अंशांहून अधिक चढते. भोवतालची हवाच ४५ अंशांची असेल तर तो १५० अंशांच्या घरात पोहोचून स्वतःला बंद करून घेतो. इथला प्रवाह त्या मानाने अगदी कमी आहे हे खरे, पण ५ व्होल्टचा चार्जर घरात पडलेला असताना ही उष्णता खोक्यात आणायचीच कशाला?

स्केमॅटिक काढणे

कीकॅडमध्ये नवा प्रकल्प उघडून स्केमॅटिकचा संपादक उघडावा. तिथे ग्रिड १.२७ मिमी, म्हणजे ५० मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), असते. ती कधीही बदलू नये. ग्रिड बारीक करून एखादा सिम्बॉल किंचित सरकवला तर तार पिनेला टेकल्यासारखी दिसते, पण जोडली गेलेली नसते, आणि ही चूक डोळ्यांनी सापडत नाही. सगळे सिम्बॉल मांडावेत, तारा जोडाव्यात, आणि प्रत्येक भागाला केवळ क्रमांक न देता त्याचे मूल्यही (जसे १० किलो-ओहम) लिहावे.

ट्रान्झिस्टरपाशी थांबून नीट विचार करावा. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २एन ३९०४ मध्ये तोच क्रम एमिटर, बेस, कलेक्टर असा उलटा असतो. दोन्ही एनपीएन, दोन्ही त्याच काळ्या आकारातले, आणि दुकानदार एकाऐवजी दुसरा सहज देतो. सिम्बॉलमधल्या पिनांचे क्रमांक हातातल्या ट्रान्झिस्टरशी आणि त्याच्या डेटाशीटशी पडताळून पाहावेत.

मग ईआरसी, म्हणजे विद्युत नियमांची तपासणी, चालवावी. पहिल्याच खेपेला ‘पॉवर इनपुट पिनेला कोणतीही पॉवर आउटपुट पिन चालवत नाही’ अशा अर्थाची चूक येईल आणि सर्किट तर बरोबर दिसेल. यात घाबरण्यासारखे काही नाही. आपली वीज कनेक्टरवरून येते आणि कनेक्टरच्या पिना कीकॅडच्या लेखी तटस्थ असतात. वीज इथूनच येते हे त्याला सांगण्यासाठी ५ व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या तारेवर पॉवर फ्लॅग नावाचा सिम्बॉल ठेवावा, की ती चूक जाते. उरलेल्या चुका मात्र एकेक करून वाचाव्यात. ‘दुर्लक्ष करा’ हे बटण नवख्याने वापरू नये.

बोर्डची मांडणी

आता फूटप्रिंट नेमून स्केमॅटिक बोर्डवर आणावे. सगळे भाग एका ढिगाऱ्यात येतात आणि त्यांच्यामध्ये बारीक रेषांचे जाळे दिसते. कोणता पॅड (पाय सोल्डर करण्याची तांब्याची टिकली) कोणत्या पॅडला जोडायचा आहे ते या रेषा दाखवतात. त्यांच्यामागे लगेच ट्रॅक ओढत सुटू नये. बोर्डच्या कामातला मोठा भाग मांडणीचा असतो, आणि मांडणी चांगली झाली तर ट्रॅक जवळजवळ आपोआप सुटतात.

आधी कडा आखावी. आपल्या बोर्डला ५० बाय ४० मिमी भरपूर आहे. चारही कोपऱ्यांत ३ मिमीच्या स्क्रूसाठी ३.२ मिमीची छिद्रे ठेवावीत आणि स्क्रूच्या डोक्याखाली ट्रॅक येणार नाही एवढी जागा मोकळी सोडावी. मग कडेला बसणारे भाग : सळ्यांचे टर्मिनल एका बाजूला, विजेचे समोरच्या बाजूला, म्हणजे ओल्या तारा आणि विजेच्या तारा एकमेकींपासून लांब राहतील. तारेची तोंडे बोर्डच्या बाहेर वळलेली आहेत ना, हे त्रिमितीय चित्रात फिरवून पाहावे.

त्यानंतर ५५५ मधोमध आणि तिचे भाग तिच्याभोवती. येथे एक कपॅसिटर असा आहे, की स्केमॅटिकमध्ये तो कुठेही काढला तरी चालते, पण बोर्डवर त्याची जागा ठरलेली असते : आठवी पिन आणि ग्राउंड यांमधला १०० नॅनोफॅरडचा. जुन्या धाटणीची एनई ५५५ प्रत्येक वेळी चालू-बंद होताना विजेचा एक जोरदार क्षणिक झटका ओढते. हा झटका लांबच्या ट्रॅकवरून आला तर व्होल्टेज क्षणभर खचते. कपॅसिटर पिनेला खेटून असेल तर ती गरज तिथल्या तिथे भागते. शेजारी १०० मायक्रोफॅरडचा एक मोठा कपॅसिटरही द्यावा.

ट्रॅकची जाडी प्रवाहावरून ठरते. बाहेरच्या थरावर, ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यात, १ अँपिअरला साधारण ०.३ मिमी रुंदी पुरते, २ अँपिअरला ०.८ मिमीच्या आसपास, आणि ३ अँपिअरला जवळपास १.४ मिमी, एवढ्याने तापमान सुमारे १० अंशच वाढते. आपला बोर्ड १०० मिलिअँपिअरही ओढणार नाही, त्यामुळे डीफॉल्टचा बारीक ट्रॅकही विजेच्या दृष्टीने चालेल. तरीही सिग्नलसाठी ०.५ मिमी आणि विजेसाठी १ मिमी घ्यावे. जागा आहे तर रुंद ट्रॅकला काही पैसे पडत नाहीत, आणि पुढे दुरुस्तीसाठी पॅड दोनदा तापवावा लागला तर रुंद ट्रॅक उखडत नाही.

उरलेल्या जागेत ग्राउंडचे तांबे भरावे. त्यात पॅड बारीक दांड्यांनी जोडलेला दिसेल. ही थर्मल रिलीफ असते आणि ती तशीच राहू द्यावी, नाहीतर २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता तांब्यात पसरते आणि सोल्डर वितळतच नाही. शेवटी तांबे पुन्हा भरून डीआरसी, म्हणजे मांडणीच्या नियमांची तपासणी, चालवावी. न जोडलेले नेट (राहून गेलेल्या जोडण्या) आणि नियमभंग दोन्ही शून्य यायला हवेत.

कागदावर एकास एक

यानंतरची पायरी कोणीही गाळू नये. बोर्डचा आराखडा मूळ मापात, शंभर टक्के प्रमाणात, कागदावर छापावा. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद आहे ना हे पाहावे, कारण तो बहुधा चालू असतो आणि सगळे माप किंचित आकसते. ५० मिमीची कडा पट्टीने मोजली की लगेच कळते. मग तो कागद थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवून प्रत्येक भागाचे पाय त्यांच्या जागी टोचावेत. बझरचे अंतर, टर्मिनलचे तोंड, उंच कपॅसिटरची शेजाऱ्याशी होणारी धक्काबुक्की, ट्रान्झिस्टरची सपाट बाजू, हे सारे दोन रुपयांच्या कागदावर दिसते.

घरी की कारखान्यात

घरी करायचे तर एकाच थरावर, म्हणजे खालच्या तांब्यावर, ट्रॅक असावेत. जे सुटत नाहीत ते वरून तारेच्या जंपरने जोडावेत. ट्रॅक १ मिमी आणि पॅड २ मिमीहून मोठे ठेवावेत. लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापून इस्त्रीने टोनर तांब्यावर उतरवायचा आणि फेरिक क्लोराइडमध्ये उरलेले तांबे विरघळवायचे, ही रीत सर्वांना माहीत असते. फसगत होते ती आरशातल्या प्रतिमेत. कीकॅड बोर्ड नेहमी वरून दाखवते, खालचा थरही वरूनच. इस्त्री करताना कागद उलटा पडतो, म्हणून खालचा थर उलटा न करता, पडद्यावर दिसतो तसाच छापावा. यासाठी एक खूण करून ठेवावी : खालच्या तांब्यात एक अक्षर लिहावे. ते कागदावर उलटे आणि तांब्यावर सरळ दिसले, तर सारे बरोबर आहे. फेरिक क्लोराइड प्लास्टिकच्या टबातच घ्यावे, स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात नको. चष्मा आणि हातमोजे घालावेत, आणि वापरलेले द्रावण मोरीत ओतू नये.

कारखान्यातून करून घ्यायचे तर गर्बर, म्हणजे बोर्डच्या प्रत्येक थराच्या चित्राच्या, फाइली द्याव्या लागतात : दोन्ही थरांचे तांबे, दोन्ही सोल्डर मास्क (तांब्यावरचा रंगीत संरक्षक थर), वरची छपाई, कडा, आणि छिद्रांची वेगळी फाइल. कीकॅडसोबत गर्बर पाहण्याचे साधन येते. फाइली पाठवण्यापूर्वी त्यात उघडून पाहाव्यात, कारण कारखाना आपल्या स्केमॅटिककडे पाहत नाही, फक्त या फाइली पाहतो. गांधीनगरची पीसीबी पॉवर आणि बेंगळुरूची लायन सर्किट्स यांसारख्या भारतीय कंपन्या ऑनलाइन मागणी घेतात. चिनी कंपन्यांचे बोर्ड स्वस्त दिसतात, पण कुरिअर आणि सीमाशुल्क धरून हिशेब करावा. चार मित्रांनी मिळून मागवले तरच ते परवडते. साहित्याची निवड सोपी आहे : एफआर ४ (काचतंतू आणि इपॉक्सीची पाटी), १.६ मिमी जाडी, ३५ मायक्रॉन तांबे.

जोडणी आणि चाचणी

आधी बुटके भाग सोल्डर करावेत, म्हणजे रेझिस्टर आणि आयसीचा बेस (सॉकेट), आणि उंच भाग शेवटी. आयसी बेसमध्ये लगेच घालू नये. मल्टिमीटरच्या बीपवर ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना, ते पाहावे. मग चार्जर जोडून बेसच्या आठव्या आणि पहिल्या पिनेमध्ये ५ व्होल्ट येतात का, ते मोजावे. ते आले तर चार्जर काढून ५५५ बसवावी.

सळ्यांचे टर्मिनल मोकळे असताना बझर साधारण सेकंदाला एकदा वाजायला हवा आणि त्या दोन टर्मिनलमध्ये तारेचा तुकडा लावला की थांबायला हवा. तार लावूनही वाजत असेल तर सळ्यांना जोडलेल्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर मोजावे. तिथे ०.७ व्होल्टच्या जवळपास मिळायला हवे. त्याहून बरेच जास्त दिसले तर त्याचा एमिटर ग्राउंडला पोहोचलेला नाही. बेसवर ०.७ असूनही चौथ्या पिनेवर ५ व्होल्टच राहत असतील, तर कलेक्टरचा सांधा कोरडा आहे असे समजून तो पुन्हा तापवावा. बझर अखंड वाजत असेल तर दुसऱ्या आणि सहाव्या पिनेचा जोड सर्वांत आधी तपासावा, आणि मुळीच वाजत नसेल तर बझरची अधिक-उणे बाजू पाहावी.